पोरं गावाला गेल्यावर: विश्रामबागेतल्या दोन गल्ल्यांच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२४, रविवार

गल्लीतल्या छोट्या दुकानांना हातभार कसा लावायचा, यावरची पहिली बैठक सोसायटीच्या गच्चीवर झाली. सातजण होतो. नोंदी ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बँकेत तीस वर्षं खतावण्या लिहिल्या. वर्गणी प्रत्येकी ५००, एकूण ३,५०० रुपये. खजिनदारही मीच.

निमित्त कोपऱ्यावरचं पुस्तकांचं दुकान. जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत घेऊन पाऊणपटीत विकणारं, इंजिनिअरिंगच्या चार पिढ्या त्यावर शिकल्या. जानेवारीत बंद झालं. सगळ्यांना हळहळ वाटली. मी विचारलं, आपल्यापैकी शेवटचं पुस्तक तिथून कोणी घेतलं आणि कधी? सगळे गप्प. मीसुद्धा.

सांगलीच्या या भागाचं सगळंच उलटं आहे. गावात आधी वस्ती होते, मग बाजार, मग कॉलेज. इथं विलिंग्डन कॉलेज आलं १९१९ मध्ये, पुढं १९४७ मध्ये आज ज्याला वालचंद म्हणतो ते इंजिनिअरिंग कॉलेज, आणि आमच्या सोसायट्या त्यांच्या आजूबाजूला नंतर उगवल्या. त्यामुळे मागच्या गल्ल्यांतली दुकानं आमच्यासाठी उघडलेलीच नाहीत. ती कॉलेजच्या पोरांसाठी आहेत. आम्ही तिथं पाहुणे.

घोषणा काय ठेवायची यावर पाऊण तास गेला. 'आपली खरेदी, आपला बाजार' वगैरे. मी विरोध केला. अशा पाट्या वाचून कोणी साबण बदलत नाही. शेवटी ठरलं ते एवढंच, की आधी गल्ली मोजायची.

१० मार्च, रविवार

मोजली. मेन रोड सोडून मागच्या दोनच गल्ल्या घेतल्या. सकाळी सात ते साडेनऊ. ६४ दुकानं.

'स्वतंत्र दुकान' म्हणजे काय यावर वाटेतच वाद. एका मोठ्या डेअरीची एजन्सी घेतलेला तरुण आहे. पाटी कंपनीची, पण डिपॉझिट बापाच्या फंडातलं. तो आपला की कंपनीचा? आमच्यातल्या सरांनी व्याख्या केली: नफ्या-तोट्याचा मालक गल्ल्यावर बसत असेल तर ते दुकान आपलं. याहून चांगली व्याख्या मला सुचली नाही. डेअरीवाला यादीत आला. मालक पुण्यात आणि पगारी पोऱ्या काउंटरवर, अशी तीन दुकानं गळाली.

उरलेल्या ६१ मध्ये सगळ्यात जास्त खानावळी आणि डबेवाले, १४. मग झेरॉक्स-स्टेशनरी, ९. चहा-वड्याचे गाडे, सलून, मोबाइल दुरुस्ती, दोन इस्त्रीवाले, एक सायकल-पंक्चर, एक शिंपी, भडंगाचं एक दुकान, किराणा फक्त चार. म्हणजे आम्हाला रोज लागतं ते थोडं, आणि पोरांना लागतं ते भरपूर. इथल्या लोकांना 'इथून घ्या' म्हणायच्या आधी हे आकडे समोर ठेवले पाहिजेत. कोणी काकू झेरॉक्स किती काढणार?

१४ मार्च, गुरुवार

दुसऱ्या गल्लीतल्या मेसमध्ये गेले. मावशींचा दुपारचा राबता संपायच्या सुमाराला. आत दोन लांब बाकडी, भिंतीवर मेसकार्डांची चवड रबरात बांधून खिळ्याला अडकवलेली. मागे दोन मोठ्या शेगड्या आणि १९ किलोचा निळा सिलिंडर.

मी सरळ विचारलं, धंदा कसा चाललाय? त्या म्हणाल्या, "आत्ता बरा हाय की. सत्तर ताटं हायत. तुम्ही मेमधी या."

मेमध्ये किती?

"नऊ. गेल्या साली नऊ हुती. आन् मालक काय नऊ ताटांचं भाडं घेतोय व्हय?"

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. बँकेत असताना हेच मी आकड्यांत बघत होते. या भागातल्या दुकानांची कॅश क्रेडिट खाती, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तशी उचल घ्यायची कर्जखाती. वर्षभर वरखाली होणारी उचल मे लागला की मर्यादेला जाऊन टेकायची आणि ऑगस्टपर्यंत तिथंच चिकटून राहायची. व्याज मात्र रोज चढायचं. आम्ही शेरा लिहायचो, 'उलाढाल असमाधानकारक.' कारण विचारायला कधी कोणी मेसमध्ये गेलं नाही.

पूर्वी निदान जुलैत पहिल्या वर्षाची पोरं येत. आता प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, पहिलं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबर धरतं. म्हणजे उपास वाढला. दिवाळीच्या सुट्टीतला पंधरवडा वेगळाच.

माझं मत बनलं. वर्षभर 'आधार द्या' म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. दहा महिने त्यांना आमची गरज नाही, खरं तर आमची अडचणच होते. त्यांना आम्ही हवेत ते मे-जूनमध्ये. प्रकल्प तेवढाच.

१७ मार्च, रविवार

काल निवडणुकीची आचारसंहिता लागली. फ्लेक्स लावायचा बेत आपोआप बारगळला. ज्यांना स्वतःचा फोटो फ्लेक्सवर हवा होता ते दोघे थोडे नाराज. मला हायसं वाटलं, तेवढे पैसे वाचले.

त्याऐवजी एक पानी यादी: दुकान, काय मिळतं, फोन, वेळ, घरपोच आहे का. ज्यांना नाव द्यायचं नाही त्यांना सोडायचं.

७ एप्रिल, रविवार

४०० प्रती छापल्या, ६०० रुपये. छापल्या अर्थातच यादीतल्याच झेरॉक्सवाल्याकडे. त्याला म्हटलं रंगीत नको. तो म्हणाला, "काकू, मलाही नको, टोनर महाग पडतोय."

मेसच्या मावशींच्या नावापुढं 'पाडव्याला पुरणपोळीच्या ऑर्डर' असं घातलं. पाडवा मंगळवारी.

८ एप्रिल, सोमवार

घोळ. मावशींच्या नंबरातला एक आकडा चुकला. चूक माझी, ७ आणि १ मी सारखेच लिहिते, आयुष्यभर कॅशिअरची बोलणी खाल्ली त्यावर. फोन जात होते तासगावकडच्या एका ट्रॅक्टरवाल्याला. पहिल्या दोघींना त्यानं राँग नंबर सांगितलं. तिसरीला म्हणाला, "किती पोळ्या? लिहून घेतो, पण मला बी दोन ठेवा."

वाटायच्या राहिलेल्या २८० कागदांवर पेनानं दुरुस्ती केली. वाटून झालेल्या १२० घरी दोघांनी फिरून सांगितलं. मावशींना ११ घरांच्या ऑर्डरी मिळाल्या. किती बुडाल्या ते ट्रॅक्टरवालाच जाणे.

२१ एप्रिल, रविवार

धाकट्या दिरांचा मुलगा अमेरिकेत अ‍ॅन आर्बरला असतो. मिशिगन विद्यापीठाचं गाव. फोनवर बोलता बोलता प्रकल्पाचा विषय निघाला. म्हणाला, काकू, आमच्याकडं हेच रडगाणं आहे, उन्हाळ्यात विद्यार्थी गेले की गल्ली ओस. आणि १९६० मध्ये तिथल्या साउथ युनिव्हर्सिटी नावाच्या रस्त्यावरच्या दुकानदारांनी उन्हाळी सेलला गिऱ्हाईक यावं म्हणून जोडीला रस्त्यावर चित्रांचं प्रदर्शन भरवलं. ती जत्रा अजून दर जुलैला भरते, बाहेरगावाहून लोक येतात.

दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती जास्त डोक्यात राहिली. बॉर्डर्स म्हणून पुस्तकांच्या दुकानांची प्रचंड मोठी साखळी होती. ज्या साखळ्यांनी गावोगावची छोटी दुकानं मारली असं लोक म्हणतात, त्यांतली एक. ती सुरू कुठं झाली, तर अ‍ॅन आर्बरलाच, १९७१ मध्ये, दोघा भावांचं जुन्या पुस्तकांचं दुकान म्हणून. आणि २०११ मध्ये सगळीच बुडाली. म्हणजे छोटा आहे म्हणून कोणी सज्जन असतो असं नाही, आणि मोठा झाला म्हणून टिकतो असंही नाही.

बैठकीत सांगितलं. चित्रांची जत्रा आपल्याला झेपणारी नाही, मेच्या उन्हात तर नाहीच. पण प्रश्न बरा मिळाला: मे-जूनमध्ये आमच्या घरांतून असा कुठला पैसा बाहेर पडतो, जो या गल्लीत पडू शकतो?

उत्तर वहिनींनी दोन मिनिटांत दिलं. वाळवणं आणि वह्या.

२८ एप्रिल, रविवार

लोकांचं ऐकायला बसलो. चहा आम्ही दिला, २६० रुपये. बावीस-तेवीसजण आले. तक्रारी जशाच्या तशा लिहिते, कारण त्या खोट्या नाहीत.

झेरॉक्सला एक आधार कार्डाची प्रत काढायची तर पोरांच्या तीस जर्नल्सच्या मागे उभं राहावं लागतं. बदलून द्यायला कोणी तयार नसतं, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी देवाच्या फोटोपेक्षा मोठी. बिल मागितलं की तोंड वाकडं. दुकान उघडायची वेळ मालकाच्या झोपेवर. आणि एक आजोबा म्हणाले ते सगळ्यात खरं, "पोरांशी दादा-भावा करून बोलतात, आम्हाला मान वर करून बघत नाहीत."

बिलाबद्दल मी थोडी बाजू घेतली. मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, मग तो जीएसटीचं बिल देणार कुठून? पण साधी पावती तर फाडता येते की. ती का नाही, याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

संध्याकाळी पाच दुकानदारांना हे वाचून दाखवलं. दोघे चिडले. स्टेशनरीवाल्यानं मात्र लगेच काउंटरच्या डाव्या कडेला पुठ्ठा लावला: 'एक-दोन प्रतींसाठी इकडे.' हा पुठ्ठा आमच्या अख्ख्या यादीपेक्षा जास्त उपयोगी पडला असं आज तरी वाटतंय.

७ मे, मंगळवार

मतदान. काम बंद.

१२ मे, रविवार

परीक्षा आटोपल्या. गल्लीत एवढी शांतता, की आधी काय कमी झालंय ते कळेना. मग लक्षात आलं, पैसे जमा झाल्याचं सांगणारे ते स्पीकर. एरवी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत 'दहा रुपये प्राप्त झाले', 'चाळीस रुपये प्राप्त झाले' चालू असतं. आज अर्ध्या तासात दोनदा ऐकलं. त्या डब्याचं महिन्याचं भाडं मात्र कापलं जातंच, असं चहावाला म्हणाला.

मावशींकडे आठ ताटं. गेल्या वर्षीपेक्षा एक कमी.

१४ मे, मंगळवार

पहाटे साडेपाचला मावशींच्या घरमालकाच्या गच्चीवर. आज कुरडया.

हे कसं जमलं ते नोंदवते. आमच्या सोसायटीत कुरडया हव्या सगळ्यांना, पण करायला ना जागा, ना भांडी, ना गुडघे. गेली काही वर्षं पाकिटातल्या आणतात आणि दर वर्षी नावं ठेवतात. मावशींकडे सत्तर ताटांची पातेली, मोठ्या शेगड्या, हाताखाली दोघी बायका, आणि मेमध्ये सगळं रिकामं. गहू आमचा, मजुरी किलोमागे. १८ घरं.

लोकवन गहू शनिवारी सकाळी भिजत घातलेला, रोज पाणी बदललेलं. काल वाटून, गाळून चीक रात्रभर निवायला ठेवला. पहाटे वरचं नितळ पाणी ओतून दिलं तेव्हा खाली पांढरा शुभ्र घट्ट थर, हातानं थापटला तर थरथरणारा. ज्या पातेल्यात एरवी सांबार उकळतं त्यात पाण्याला आधण, मीठ, हिंग, आणि एकीनं चीक ओतायचा, दुसरीनं लाकडी दांड्यानं न थांबता घाटायचा. एक क्षण हात थांबला तर गुठळी. मावशी काही न बोलता नुसत्या आवाजावरून सांगत होत्या, "अजून कच्चं हाय. बुडबुडा जाड व्हायला पायजे."

मग सोऱ्यात भरून पसरलेल्या साडीवर एकेक कुरडई. उन्हं वर येईपर्यंत अर्धी गच्ची भरली. सोसायटीतली चार पोरं वाटीत गरम चीक, तूप, साखर घेऊन कोपऱ्यात बसली होती. त्यांतल्या एकानं हे पहिल्यांदाच खाल्लं आणि तिसऱ्यांदा मागितलं.

दुपारनंतर आभाळ भरून आलं. सगळ्यांनी धावपळ करून साड्या गोळा केल्या. मी पण. माझ्या गुडघ्यांनी रात्री त्याचा हिशेब मागितला.

१९ मे, रविवार

दोन फसलेल्या गोष्टी.

पहिली, सवलतीची कुपनं. सुचवलं होतं आमच्यातल्या डॉक्टरांनी: यादी दाखवा, दहा टक्के सूट. चार दुकानं तयार झाली. तीन आठवड्यांनी हिशेब मांडला तर आलेले बहुतेक लोक आधीपासूनचेच गिऱ्हाईक. म्हणजे जे येतच होते त्यांना दुकानदारानं पदरचे दहा टक्के दिले, तेही पडत्या महिन्यात. भडंगवाला हसून म्हणाला, "मॅडम, मदत बास झाली." कुपनं बंद. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

दुसरी, पिशव्या. एका उत्साही सभासदानं 'गल्लीतून घ्या' असं छापलेल्या ५० कापडी पिशव्या परस्पर ऑनलाइन मागवल्या. पार्सल आलं ते नेमकं शिंप्याच्या दुकानासमोर, कारण डिलिव्हरीच्या पोरानं पत्ता त्यालाच विचारला. शिंप्यानं पार्सलवरचं काय ते वाचलं आणि काही बोलला नाही. तेच जास्त लागलं. पैसे पोचल्यावर द्यायचे होते, पार्सल परत पाठवलं. शिंप्याला चादरींच्या कापडाच्या ४० पिशव्या सांगितल्या, ३० रुपये नग, १,२०० रुपये. छपाई नाही. नाही तर नाही.

२ जून, रविवार

वह्या. २०० पानी लाँगबुकवर छापील किंमत ६०. स्टेशनरीवाला एरवी ५५ ला देतो. ऑनलाइन गठ्ठ्यानं घेतलं तर ४७ पडते. लोक आठ रुपयांसाठी पळतात असं म्हणून नाक मुरडणं सोपं आहे, पण दोन पोरांच्या तीस वह्या धरल्या तर २४० रुपये होतात. कोणी का सोडावेत?

म्हणून सगळ्यांची मागणी एकत्र केली. ३१ घरं, ४२ डझन, म्हणजे साडेतीन ग्रोस. एवढा आकडा हातात आल्यावर स्टेशनरीवाल्यानं पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याकडून ४३ नं उचलल्या आणि आम्हाला ४९ ला दिल्या. घरी आणून, वर बदलून द्यायची हमी. दोन रुपये जास्त पडले, एकानंही कुरकुर केली नाही. त्याला वहीमागे सहा सुटले, ५०४ वह्यांचे ३,०२४. तो म्हणाला, जूनचं अर्धं भाडं निघालं.

नऊ घरं येऊ शकली नाहीत. त्यांच्या मुलांच्या शाळेनं वह्या शाळेच्याच काउंटरवरून घ्यायला लावल्या, शाळेचं नाव छापलेल्या. तिथला दर लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

१२ जून, बुधवार

बदलून द्यायची हमी कामाला आली. प्राथमिकच्या मुलांसाठी चार डझन चौरेघी सांगितल्या होत्या, आल्या दुरेघी. चूक कोणाची यावर स्टेशनरीवाला आणि मी दोघंही आपापल्या चिठ्ठ्या घेऊन भांडलो. चिठ्ठी माझ्या हातची होती. पुढं लिहीत नाही.

१५ जून, शनिवार

शाळा उघडल्या. गेले तीन दिवस झेरॉक्सच्या दुकानात खाकी कव्हरं घालायचं काम चालू होतं, वहीमागे पाच रुपये, नावाच्या चिकटपट्ट्यांसकट. त्याच्याकडं मे-जूनमध्ये मशीनला आणि पोराला काम नसतं, आणि नोकरी करणाऱ्या आयांना रात्री अकराला कव्हरं घालायचा कंटाळा असतो. ही कल्पना आमची नव्हे, त्याच्या बायकोची. तिनं आम्हाला विचारलंही नाही, सरळ पाटी लावली. आम्ही फक्त यादीत एक ओळ वाढवली.

दोन घरांच्या वह्या वेळेवर झाल्या नाहीत. त्यातलं एक घर माझ्या मुलीचं. फोनवर तिनं प्रकल्पाबद्दल जे मत दिलं ते नोंदीत घेण्यासारखं नाही.

२५ जुलै, गुरुवार

महिनाभर लिहिलं नाही. पाऊस. कृष्णेचं पाणी चढतंय, सगळ्यांचं लक्ष आयर्विन पुलाच्या आकड्याकडे. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. पेठेतल्या दुकानदारांनी खालचा माल वर चढवायला सुरुवात केलीय. २०१९ ची आठवण अजून ताजी आहे. आमचा भाग उंचावर, त्यामुळे गल्लीत छत्र्या, चहा आणि पाण्याच्याच गप्पा. वरच्या वर्गांची पोरं परतलीत. पहिलं वर्ष अजून यायचंय.

मावशींकडे ४४ ताटं. आज मी एक झेरॉक्स काढायला गेले तर डाव्या बाजूचा पुठ्ठा गायब, पुन्हा जर्नलांच्या मागे उभी राहिले. चिडले नाही. सीझन त्यांचा आहे. पण पुठ्ठा परत लावायला सांगितलं.

शिंप्याचं दुकान ३० जूनला बंद झालं. पिशव्यांचे १,२०० त्याला पुरणार नव्हतेच. घरमालकानं भाडं वाढवलं आणि पोरांचे कपडे आता शिवायला येत नाहीत, फक्त उसवायला येतात, असं तो म्हणाला. मुलाकडे कुपवाडला गेला. यादीत त्याच्या ओळीवर रेघ मारताना बराच वेळ पेन हातात धरून बसले. त्याला मे-जूनची अडचण नव्हतीच, त्याची बारा महिने होती, आणि त्यावर आमच्याकडं काही नाही.

शिल्लक १,४४० रुपये.

पुढची कामं. दिवाळीच्या सुट्टीत मेस पुन्हा रिकामी होते, तेव्हा चकली-अनारशांच्या ऑर्डरी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गोळा करायच्या. मावशींनी अनारशाला नाही म्हटलंय, "त्ये हसतंय, माझ्याच्यानं न्हाई." म्हणजे फक्त चकली, शेव, चिवडा. भडंगवाल्याला चिवड्यात घ्यायचं की त्या दोघांत भांडण लागेल, ते आधी विचारून घेणे. नवीन यादीत फोन नंबर वहिनी लिहितील.